दसऱ्यापर्यंत थांबलेलं इंजिन

बहारीनमध्ये बर्फ म्हणजे कोल्ड स्टोअरमधून पिशवीत मिळतो तो. मासे आणले की त्यावर टाकायचा आणि विसरून जायचा. बर्फावरून पळणारं एक शर्यतीचं यंत्र माझ्या दारात येईल आणि त्याची सीट मीच शिवेन, असं कुणी आधी सांगितलं असतं तर मी त्याला लिंबूपाणी देऊन सावलीत बसवलं असतं. पण ते यंत्र आलं, त्याची सीट मी शिवली, आणि गेल्या दसऱ्यापासून त्याचा विषय निघाला की मला उठून दुसऱ्या खोलीत जावंसं वाटतं.

आम्ही अरादला राहतो, पहिल्या मजल्यावर. खाली राहतात ते आजोबा कॅनडाचे. ऐन तिशीत इथे तेलाच्या कामावर आले, इथल्याच बाईशी लग्न केलं, पुढे ती वारली आणि ते इथेच राहिले. माझी मुलगी त्यांना ग्रँडपा म्हणते, आमचे हे अंकल म्हणतात आणि मी घरात बोलताना 'खालचे आजोबा' म्हणते. त्यांचा डावा कान फार पूर्वीच गेलेला. उजव्यात मशीन. त्यांच्याशी बोलायचं तर उजव्या हाताला बसायचं, हे बिल्डिंगमधल्या मांजरालासुद्धा ठाऊक होतं.

आमचे हे आणि माझे मोठे दीर मिळून सित्राला गॅरेज चालवतात. दोघे मूळचे मालवणकडचे. गाडी कुठलीही असो, हे तिच्या पोटात शिरणार आणि दीर बाहेर उभे राहून ती कशी चुकीची उघडली ते सांगणार. मी घरी शिवणकाम करते. पडदे, उशा, आणि गॅरेजमधून येणाऱ्या गाड्यांची सीटकव्हरं. रेक्झिन शिवायचं माझं मशीन वेगळं आहे, त्याला घरात कुणी हात लावत नाही.

गेल्या उन्हाळ्याच्या तोंडावर आजोबांच्या नावाने एक भलंमोठं लाकडी खोकं बोटीने आलं. त्यांचा धाकटा भाऊ तिकडे वारला होता, आणि त्याच्या मुलीने काकांना विचारलं होतं की गोठ्यात पडलेल्या त्या जुन्या स्लेडचं, म्हणजे बर्फावरच्या शर्यतीच्या गाडीचं, काय करू. काकांनी कळवलं, पाठव. ती जे भंगारात देणार होती ते हजारो मैल पाण्यावरून आलं. खोकं उघडलं तेव्हा पार्किंगमध्ये निम्मी बिल्डिंग जमली होती. पुढे घसरायच्या दोन पट्ट्या, मागे रुंद रबरी पट्टा, त्यात गंजके खिळे, इंजिनावर फायबरचं टोपण आणि त्यावर हाताने रंगवलेला आकडा. आमचे दीर भोवती एक चक्कर मारून म्हणाले, "चाकां खंय आसत हेका?"

आजोबा हसले नाहीत. त्यांचा हात त्या टोपणावरून फिरत होता, लग्न ठरलेल्या मुलीच्या पाठीवरून बापाचा फिरतो तसा.

मग आठवडाभराने ते वर आले आणि ह्यांच्या समोर बसले. म्हणाले, डॉक्टरांनी सांगितलंय, हा कानही राहणार नाही. कधी जाईल सांगता येत नाही. वर्षही काढेल, दोन वर्षंही काढेल. तो जायच्या आत मला हे इंजिन चालू झालेलं ऐकायचंय. कराल?

ह्यांनी एका शब्दात हो म्हटलं. अशा कामाला हे नाही म्हणूच शकत नाहीत. पैशाच्या कामाला मात्र दहा वेळा विचार करतात.

सीट उसवायचं काम माझ्याकडे आलं. आजोबा रोज संध्याकाळी चहाला वर येऊ लागले आणि मी टाके उसवत असताना बोलत बसायचे. माझं इंग्रजी कामापुरतं, त्यांचं हिंदी त्याहून कमी, पण माणसाला सांगायचंच असेल तर भाषा कुठे अडवते? त्यांच्याकडून मला कळलं की त्यांच्या तरुणपणी तिकडे ह्या यंत्रांचं नुसतं वेड होतं. ट्रॅक्टर बनवणारे, होड्या बनवणारे, जो उठेल तो बर्फावरची गाडी बनवायला घ्यायचा. हिवाळ्यात तलाव गोठला की गावंच्या गावं त्यावर जमायची, बर्फावर गोल रस्ता आखायची आणि दर रविवारी शर्यत. पहिली यंत्रं सावकाश होती, म्हातारीने चालवावीत अशी. मग कुणी इंजिनावरचा पंखा काढून टाकला, कारण समोरून येणारा गार वारा फुकट मिळतो, पंख्याला ताकद कशाला घालवायची. मग कुणी सायलेन्सर काढला. वेग वाढला, आवाज वाढला, माणसं हातपाय मोडून घेऊ लागली. पुढे तेल महागलं, दोनचार हिवाळे बर्फाविना गेले, कारखाने एकामागून एक बंद पडले आणि ती यंत्रं गोठ्यांत गेली. त्यांच्यावर कोंबड्या बसायला लागल्या. आणि आता, इतक्या वर्षांनी, तीच माणसं पांढऱ्या दाढ्या घेऊन गोठे धुंडाळतात, जुनी स्लेड शोधतात, तिला पुन्हा उभी करतात आणि पुन्हा त्याच तलावांवर पळवतात. जुन्यांच्या वेगळ्या शर्यती असतात. नवं यंत्र तिथे चालत नाही.

"जिंकणाऱ्याला काय मिळतं?" मी विचारलं.

"थंडी," ते म्हणाले.

शर्यत त्यांचा भाऊ धावायचा. आजोबा त्याचे मेकॅनिक. तलावाच्या वळणावर उभे राहायचे. मला वाटलं होतं, मजा असेल, सगळी शर्यत डोळ्यांसमोर. तर म्हणाले, दिसत काहीच नाही. इतका बर्फ उडतो की पांढऱ्या धुराशिवाय काही नसतं. सगळं कानांवर. दहा-बारा इंजिनांत आपल्या भावाचं कुठलं, ते मला बरोब्बर कळायचं. ते वळणाला आलं की आवाज खाली जायचा, बाहेर पडलं की चढायचा. आवाज चढला की मी श्वास सोडायचो, कारण पोरगं वळणातून सुखरूप निघालेलं असायचं.

हे ऐकल्यावर मी उसवायची थांबले. म्हणजे ह्या माणसाला नुसतं इंजिन ऐकायचं नव्हतं. तोपर्यंत मी ते म्हाताऱ्याचं खूळ समजत होते, आणि मनातल्या मनात थोडी हसतही होते. त्यानंतर हसले नाही.

सीटच्या फोममध्ये उंदराचं जुनं घरटं निघालं, गवताचं. तिकडचं गवत, तिकडचा उंदीर. आजोबांनी ते चिमटीत धरून वास घेतला आणि म्हणाले, आमचा गोठा. जुनं कव्हर उसवून मी त्याचाच नमुना केला, भोकाला भोक जुळवून. टोपणाला मात्र त्यांनी कुणाला हात लावू दिला नाही. ओरखडे होते, एका कडेला तडा होता. ह्यांचे हात शिवशिवत होते, पॉलिश करून चकाचक देतो म्हणाले. आजोबा म्हणाले, इंजिन नवं करा, सीट नवी करा, पण ते ओरखडे त्याने पाडलेत. आमच्याकडे गाडी दुरुस्तीला आली की ती आली त्याहून चकचकीत गेली पाहिजे, नाहीतर दीर गेटबाहेर सोडत नाहीत. त्यामुळे तो आकडा तसाच मळकट ठेवताना दोघा भावांना फार जड गेलं.

उन्हाळाभर शुक्रवारची सुट्टी ह्यांनी त्या इंजिनात घातली. कार्बोरेटरमध्ये जुनं पेट्रोल गुळासारखं घट्ट झालं होतं. आतली रबरं तडकली होती, ती मागवली, चुकीची आली, परत मागवली. सित्राच्या त्या पत्र्याखाली ऑगस्टमध्ये उभं राहणं म्हणजे काय ते तिथे उभं राहिलेल्यालाच कळेल. आजोबा तिथेही जाऊन बसायचे. शेवटी दीरांनीच त्यांना यायची बंदी केली, म्हणाले, इंजिनाच्या आधी हा माणूस बंद पडेल. म्हणून ते घरी थांबून रोज विचारू लागले. हे दारात चप्पल काढतायत तोच खालून हाक यायची, "एनी न्यूज?" आणि हे वरून म्हणायचे, "इंशाल्ला, अंकल, सून."

गणपती गेले आणि त्यानंतरच्या आठवड्यात काम पुरं झालं. पितृपक्ष लागला होता.

इथे आमचे दीर आडवे आले. मी त्यांना वाईट म्हणणार नाही. आम्हाला ह्या देशात त्यांनीच आणलं, पायावर उभं केलं. पण मुहूर्त म्हटला की त्यांच्यापुढे ब्रह्मदेव आला तरी त्याने रांगेत उभं राहायचं. हे म्हणाले, उद्याच अंकलना बोलावतो. दीर उसळले.

"पितृपक्षात? खुळो झालंस काय? इतक्या वर्सांनी यंत्र सुरू होतला, ता ह्या दिवसात? येकदा दसरो होऊंदे. आमची हत्यारांची पूजा आसताच. तेच्यात तेका हार घालूया, नारळ फोडूया, मगे तेंका बोलव."

"पण दादा, चलता काय ता तरी बघूक होया."

"ता बघ. ट्रायल वेगळी, मुहूर्त वेगळो."

आणि झालं. ट्रायल झाली. त्या शुक्रवारी मी सीट बसवायला गॅरेजमध्ये गेले होते, म्हणून मीही होते. ह्यांनी दोरी खेचली, खेचली, पुन्हा खेचली, आणि एकदम तो पत्रा थरथरला. मला वाटलं होतं, भसाभसा घाणेरडा आवाज येईल. तसा नव्हता. उंच, स्वच्छ आवाज होता, ह्यांनी हँडलवरचा खटका दाबला की चढत जाणारा आणि सोडला की अलगद खाली येणारा. वारा नाही म्हणून इंजिन तापतं, त्यामुळे थोडं चालवून बंद करायचं, गार होऊ द्यायचं, पुन्हा चालवायचं. असं तीन-चारदा झालं. ह्यांचे डोळे भरून आले होते. तेलाच्या धुराने म्हणाले. दीर तर काय चुकलं ते सांगायलाच विसरले.

मग ठरलं, की आजोबांना काही सांगायचं नाही. दसऱ्याला एकदम न्यायचं. ह्यात मी कुणाच्या मागे नव्हते. हूरा भागातल्या फुलवाल्याकडे झेंडूची ऑर्डर मीच दिली, श्रीखंडाचा चक्का किती बांधायचा ते मीच ठरवलं. आमच्या डोळ्यांसमोर एकच चित्र होतं, हार घातलेलं यंत्र आणि त्याच्याकडे बघणारे आजोबा. फक्त माझी मुलगी म्हणाली, "आई, जस्ट टेल हिम ना. व्हॉट इज द पॉइंट?" मी तिला म्हटलं, तुला नाही कळायचं. आपल्याकडे चांगली गोष्ट चांगल्या दिवशी करतात.

खालून रोज हाक येतच होती. "एनी न्यूज?" आणि हे, काम पुरं झालेलं असताना, हसू दाबत म्हणायचे, "इंशाल्ला, अंकल, सून." मग वर येऊन आम्ही दोघं हसायचो. त्या हसण्याची मला आता इतकी चीड येते.

सर्वपित्रीला मी नेहमीसारखे वडे, खीर, गवारीची भाजी केली. सासऱ्यांचं पान गच्चीवर ठेवलं. कावळा लवकर आला, ह्यांना बरं वाटलं. त्या दिवशी खाली एक माणूस आपल्या गेलेल्या भावाचा आवाज यायची वाट बघत बसला होता, आणि तो आवाज आम्ही सित्राला कुलपात ठेवला होता, कारण दिवस पितरांचे होते. हे तेव्हा माझ्या डोक्यातही आलं नाही. पितरांच्या दिवसांइतका त्या कामाला योग्य दिवस वर्षात दुसरा नव्हता. पंचांगात हे कुठे लिहिलेलं नसतं, पण आम्हाला कळायला काय झालं होतं?

नवरात्रातल्या एका सकाळी आजोबा वर आले. हातात कानाचं मशीन आणि नवी बॅटरी. त्यांच्या बोटांना ते बारीक झाकण उघडत नसे, त्यामुळे बॅटरी नेहमी मीच घालून द्यायचे. मी घातली. त्यांनी मशीन कानात बसवलं, आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "इज इट ऑन?"

मी म्हटलं, "यस, ऑन."

ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले. "इज इट ऑन?"

मी डबीतली दुसरी बॅटरी घातली. मग तिसरी. मशीन हातात धरलं की शीळ घालत होतं, म्हणजे चालू होतं. मला ती शीळ ऐकू येत होती. ते माझा चेहरा बघत होते, आणि माझ्या चेहऱ्यावरून त्यांना कळलं, मी काही बोलायच्या आधी.

ह्यांनी त्यांना लगेच हॉस्पिटलात नेलं. इंजेक्शनं झाली, गोळ्या झाल्या. डॉक्टर म्हणाले, कधीकधी परत येतं, आठ-पंधरा दिवस बघू. दीर म्हणाले, "दसऱ्यापर्यंत येतलो कान, बघ तू." देवीपुढे त्यांनी गाऱ्हाणंही घातलं.  मी स्वयंपाकघरात जाऊन भांडी अशी आपटली, की त्यांना जे कळायचं ते कळलं असणार.

दसऱ्याला कान आलेला नव्हता.

हे म्हणाले, रद्द करू. मी म्हटलं, आता रद्द करून त्यांना काय सांगणार? शेवटी फोनवर लिहून दाखवलं, गाडी तयार आहे, चला. त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला. गॅरेजमध्ये दीरांनी पाने, जॅक, कॉम्प्रेसर सगळं धुऊन-पुसून, हळदकुंकू लावून मांडून ठेवलं होतं. मधे ती स्लेड, मागची बाजू लोखंडी स्टँडवर उचललेली, हँडलला झेंडूचा हार, मी शिवलेली काळी सीट, आणि तो मळकट आकडा. आजोबा बराच वेळ बघत राहिले. त्यांना आवडलं होतं, ते दिसत होतं. मला उगाच वाटलं, निदान एवढं तरी.

नारळ फुटला. हे दोरीकडे वळले, तर आजोबांनी हात वर केला आणि प्लग खोलायचा पाना मागितला. शर्यतीआधी इंजिनाचा प्लग काढून बघायचा ही त्यांची जुनी सवय असणार. आत जे जळतं त्याचा रंग प्लगच्या टोकाला लागतो, आणि त्या रंगावरून इंजिनाची तब्येत कळते. त्यांनी पूजेतला पाना उचलला, प्लग काढला आणि दाराशी उजेडात नेऊन बघितला. मग ह्यांच्याकडे बघितलं.

प्लग नवे होते, ह्यांनीच घातलेले. न चाललेल्या इंजिनाचा प्लग पांढरा हवा. हा तपकिरी होता.

"व्हेन?" ते म्हणाले.

ह्यांनी मान खाली घातली. मग फोन काढला, त्यात कॅलेंडर उघडलं आणि त्या शुक्रवारवर बोट ठेवलं. आजोबा त्या तारखेकडे बघत राहिले. त्या शुक्रवारी संध्याकाळी ते आमच्याकडे चहाला आले होते, आणि खिडकीबाहेर साळुंक्या भांडत होत्या त्यांचा कलकलाट ऐकून काहीतरी गमतीचं बोलले होते. मला आठवलं, त्यांनाही आठवलं असेल.

 त्यांनी प्लग परत आपल्या हाताने बसवला. मग ह्यांना खूण केली, खेच.

इंजिन दुसऱ्या हिसक्याला लागलं. आजोबांनी एक हात टोपणावर ठेवला, दुसऱ्याने खटका दाबला. पत्रा थरथरला, दीरांनी कानांवर हात ठेवले आणि लगेच खाली घेतले. लाज वाटली असावी. आजोबा डोळे मिटून उभे होते. मग डोळे उघडून आमच्या एकेकाच्या तोंडाकडे बघू लागले, आवाज आमच्या चेहऱ्यांवर कुठे लिहिलेला असेल तर वाचावा म्हणून. इंजिन तापायच्या आत त्यांनीच ते बंद केलं. ह्यांचा हात हातात घेतला, दीरांचा घेतला. थँक्यू म्हणाले. त्यात खोटं काही नव्हतं.

मग माझ्यापाशी आले. बाकी दोघे समोर बघायलाही तयार नव्हते, म्हणून असेल.

"त्या दिवशी," त्यांनी विचारलं, "आवाज कसा होता?"

मी काय सांगणार होते? आवाज स्वच्छ होता, चढत होता, अलगद खाली येत होता, तुमच्या भावाला वळणातून बाहेर आणत होता, आणि तो ऐकायला आम्ही तिघं होतो ज्यांना त्याचं काही नव्हतं? मी त्यांच्या समोर नीट उभी राहिले, ओठ दिसावेत म्हणून, आणि सावकाश म्हटलं, "बॅड. व्हेरी बॅड. इंजिन खोकत होतं. मग बंद पडलं. आज पहिल्यांदा नीट चाललं."

ते माझ्या ओठांकडे बघत राहिले. मग माझ्या खांद्यावर थोपटून म्हणाले, "गुड. मग माझं काही गेलं नाही."

घरी येताना गाडीत आजोबा पुढे बसले होते, मी मागे. मला जरा हलकं वाटत होतं. खोटं बोलले, पण एका माणसाचं ओझं उतरवलं. घरी आल्यावर मी ह्यांना तसं म्हटलं.

हे चप्पल काढता काढता थांबले. म्हणाले, "अगो, खोकणाऱ्या इंजिनाचो प्लग काळो पडता. तो प्लग बघितलंस मा? असो रंग इंजिन येकदम बरा चलला तरच येता."

आणि आजोबांनी तो उजेडात धरून बघितला होता.